खोडद, औंढा आणि कोयना : सूक्ष्म स्पंदनांचा वेध

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचे खोरे थंडीत गाढ झोपले असताना चार वाजून एकवीस मिनिटांनी धरणी हादरली. काही क्षणांतच कोयनानगरातील बहुसंख्य घरे जमीनदोस्त झाली. सुमारे २०० माणसांना प्राणास मुकावे लागले. धरणाच्या भिंतीलाही भेगा पडल्या. ६.३ तीव्रतेच्या या भूकंपाने आणखी एका गोष्टीस तडा गेला. दक्षिणेचे पठार हा पृथ्वीचा प्राचीन व अचल भाग असून तेथे मोठा भूकंप होणे नाही, अशी जी समजूत शास्त्रज्ञांत आणि जनतेत रूढ होती, ती त्या पहाटे कायमची मोडली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, येथून हजारो मैल दूर इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीने नोंदलेल्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या तपासत होती. आकाशाच्या एका ठिकाणाहून दर १.३४ सेकंदांनी एक बारीक स्पंदन येत असल्याचे तिच्या ध्यानात आले. त्याची नियमितता घड्याळालाही लाजविणारी होती. अशा ताऱ्यांना पुढे ‘पल्सार’ म्हणजे स्पंदक तारे हे नाव मिळाले.

एक घटना जमिनीखालची, दुसरी आकाशातली. एकीने घरे पाडली, दुसरीने कागदावर एवढीशी रेघ उमटविली. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसते. परंतु आज या दोन्ही प्रकारच्या स्पंदनांचा अभ्यास महाराष्ट्राच्या भूमीवर चालू आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ आणि सातारा जिल्ह्यातील कोयना या तीन ठिकाणी खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि भूशास्त्र या तीन निसर्गविज्ञानांना जागतिक महत्त्वाचे स्थान लाभले आहे. या तीनही शास्त्रांचे तेथील काम एकाच प्रकारचे आहे. अत्यंत क्षीण अशी हालचाल गोंगाटातून वेगळी काढणे आणि तिचा अर्थ लावणे, हे ते काम होय. ते कसे चालते आणि त्यासाठी परिसरातील जनतेकडून काय अपेक्षिले जाते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

तारेच्या जाळीची दुर्बीण

पुण्याहून नाशिककडे जाताना सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगावचा परिसर लागतो. द्राक्षे, टोमॅटो, ऊस यांची ही बागायती भूमी. येथून जवळच खोडद गावाच्या शिवारात प्रचंड आकाराच्या, आकाशाकडे तोंड केलेल्या तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून अशा एकूण ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात जवळजवळ आहेत व उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे. या सर्व मिळून एकच दुर्बीण होते. तिचे नाव ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजेच महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण.

ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घालणाऱ्या या शास्त्रज्ञाने (१९२९-२०२०) आपल्या सहकाऱ्यांसह तिची आखणी केली. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते. २००१ साली ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली आणि त्यानंतर जगातील संशोधकांना खुली झाली.

एवढ्या मोठ्या तबकड्या घन पत्र्याच्या केल्या असत्या तर त्यांचे वजन आणि वाऱ्याचा मारा सोसण्यासाठी लागणारा खर्च आवाक्याबाहेर गेला असता. डॉ. स्वरूप यांनी त्यावर साधा उपाय योजिला. चाळणीची छिद्रे दाण्यापेक्षा लहान असली की दाणा अडतो. त्याचप्रमाणे ज्या रेडिओ लहरींची लांबी मीटरच्या आसपास आहे, त्यांना अडवून परतविण्यास बारीक तारांची जाळी पुरेशी होते आणि वारा मात्र जाळीतून निघून जातो. ताणलेल्या दोरांवर पोलादी तारांची जाळी अंथरून केलेल्या या रचनेमुळे थोड्या खर्चात मोठी दुर्बीण उभी राहू शकली. २०१९ च्या सुमारास तिच्या यंत्रणेचे नूतनीकरण पूर्ण होऊन तिची ग्रहणशक्ती पुष्कळ वाढली आहे.

या दुर्बिणीने केलेल्या कामाचे एक उदाहरण पाहू. विश्वात सर्वाधिक असणारे मूलद्रव्य म्हणजे हायड्रोजन. त्याच्या अणूपासून २१ सेंटिमीटर लांबीची अत्यंत मंद रेडिओ लहर बाहेर पडते. तारे हायड्रोजन वायूपासूनच जन्माला येतात. तेव्हा एखाद्या दीर्घिकेत किती हायड्रोजन शिल्लक आहे हे समजले की तेथे पुढे किती तारे निर्माण होऊ शकतील याचा अदमास बांधता येतो. परंतु अतिदूरच्या दीर्घिकेतून येणारी ही लहर इतकी क्षीण असते की ती एकटी ओळखता येत नाही. पुण्याच्या केंद्रातील आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांचे सहकारी यांनी ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून त्यांची सरासरी काढली आणि २०२० साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी दीर्घिकांमध्ये तारे इतक्या वेगाने जन्मत होते की बाहेरून नवा वायू मिळाला नसता तर त्यांच्याजवळचा अणुरूप हायड्रोजन एक-दोन अब्ज वर्षांत संपून गेला असता. कणगीत नवे धान्य न पडता रोज मापटी भरभरून काढली तर जे होईल, तेच दीर्घिकांचे झाले. विश्वातील ताऱ्यांची निर्मिती पुढील काळात का मंदावली, या जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या दिशेने हे एक महत्त्वाचे पाऊल होते.

आकाशातील घड्याळे

आता केंब्रिजच्या त्या स्पंदक ताऱ्यांकडे वळू. सूर्याहून कितीतरी मोठा तारा आपल्या आयुष्याच्या अखेरीस स्फोट पावतो, तेव्हा त्याचा गाभा आक्रसून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा एक अतिघन गोळा उरतो. तोच न्यूट्रॉन तारा. तो स्वतःभोवती फिरत असता त्याच्या ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत, दीपगृहाच्या प्रकाशझोताप्रमाणे, दर फेरीला एकदा पृथ्वीवरून जातो आणि आपल्याला एक स्पंदन मिळते. यांतील काही तारे सेकंदाला शेकडो फेऱ्या घेतात व त्यांची स्पंदने वर्षानुवर्षे इतकी काटेकोर असतात की त्यांवरून घड्याळ लावावे.

या घड्याळांचा उपयोग गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी करता येतो. १९१६ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी असे भाकीत केले होते की, प्रचंड वस्तुमाने वेगाने हलू लागली की अवकाशातच तरंग उठतात आणि ते प्रकाशाच्या वेगाने सर्वत्र पसरतात. अशी लहर येते तेव्हा अंतरे किंचित ताणली जातात आणि किंचित आखडतात. अंतर बदलले की स्पंदन क्षणभर लवकर किंवा उशिरा पोहोचते.

एखाद्या संथ डोहात द्रोणांतील दिवे सोडले आहेत अशी कल्पना करावी. अंधारात पाणी दिसत नाही, तरी दिव्यांच्या हेलकाव्यांवरून लाट कोठून कशी गेली ते सांगता येते. एकच दिवा हलला तर त्याचे कारण वारा असेल. पण सर्व दिवे एका ठराविक पद्धतीने, एकमेकांशी मेळ राखून हलू लागले, तर पाण्याखाली लाट आहे हे निश्चित. स्पंदक तारे हे आकाशातील असे दिवे होत. वेगवेगळ्या दिशांच्या ताऱ्यांच्या वेळांत कोणत्या प्रकारचा मेळ दिसावयास हवा, याचे गणित १९८३ सालीच मांडले गेले होते.

२९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत येथील संशोधकगटांनी एकाच वेळी जाहीर केले की, अशा मेळाचा पुरावा हाती आला आहे. या लहरी इतक्या संथ आहेत की त्यांच्या एका आंदोलनास कित्येक वर्षे लागतात. म्हणून त्यांच्या शोधासाठीही दीर्घकालीन निरीक्षणे आवश्यक होती. अमेरिकी गटाची निरीक्षणे १५ वर्षांची, तर युरोपीय गटाची सुमारे २५ वर्षांची होती. दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेली, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे जोडीने एकमेकांभोवती फिरत असावीत आणि अशा असंख्य जोड्यांच्या लहरी मिसळून ही अखंड गुणगुण निर्माण होत असावी, असे मानले जाते. शास्त्रज्ञांनी या निष्कर्षास ‘पुरावा’ म्हटले आहे, अंतिम सिद्धता म्हटलेले नाही. हा संयम लक्षात घेण्याजोगा आहे.

भारतीय आणि जपानी संशोधकांच्या गटाने या कामी खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे युरोपीय गटाच्या निरीक्षणांशी जोडली. त्यांचे मोल विशेष आहे. ताऱ्यापासून आपल्यापर्यंत येताना रेडिओ लहरी अंतराळातील विद्युत्भारित कणांतून प्रवास करतात व त्यामुळे त्यांना विलंब होतो. लहर जितकी लांब, तितका विलंब अधिक. हा विलंब नेमका मोजून वजा केला नाही तर गुरुत्वीय लहरीचा सूक्ष्म परिणाम त्यातच बुडून जातो. लांब लहरी टिपण्यात खोडदची दुर्बीण जगातील अग्रगण्य दुर्बिणींपैकी आहे. त्यामुळे हे शुद्धीकरणाचे काम तिच्याकडून उत्तम प्रकारे होते.

औंढ्याच्या माळावर

गुरुत्वीय लहरींचा दुसरा प्रकार याच्या उलट आहे. लहान कृष्णविवरे एकमेकांवर आदळतात तेव्हा उठणारी लहर सेकंदाच्या अंशापुरतीच टिकते. ती टिपण्यासाठी अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे ‘लायगो’ या वेधशाळा उभारण्यात आल्या. काटकोनात ठेवलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे आणि त्यांवरून ये-जा करणारा लेसर किरण, अशी त्यांची स्थूल रचना आहे. लहर आली की एक भुजा किंचित लांबते व दुसरी किंचित आखडते. परत आलेल्या दोन किरणांच्या मेळातील फरकावरून ते कळते. हा फरक प्रोटॉन या अणूच्या गर्भातील कणाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका असतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथमच नोंदली गेली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली होती. आइन्स्टाइन यांच्या भाकितानंतर जवळजवळ एका शतकाने त्याची ही प्रत्यक्ष प्रचीती होती. २०१७ साली रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

या यशात भारतीयांचा वाटा आहे आणि महाराष्ट्राचाही आहे. ज्येष्ठ शास्त्रज्ञ आणि मराठी वाचकांचे आवडते लेखक डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘आयुका’ ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. तेथे डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंगाटातून क्षीण लहर शोधून काढण्याच्या गणिती पद्धतींवर पायाभूत काम केले. लहर कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार करावयाचे आणि यंत्राच्या नोंदीवर ते एकामागून एक ताडून पाहावयाचे, असे या पद्धतीचे सूत्र आहे. प्रत्यक्ष लहर हाती येण्याच्या पंचवीस वर्षे आधी हे काम सुरू झाले होते. त्याही आधी, १९७० साली, डॉ. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी धक्का बसलेले कृष्णविवर घंटेप्रमाणे निनादून शांत होते, हे गणिताने दाखविले होते. १४ जानेवारी २०२५ रोजी नोंदल्या गेलेल्या एका अतिशय स्पष्ट लहरीत हा निनाद चांगल्या प्रकारे तपासता आला. त्याच लहरीने, कृष्णविवरे एकत्र आली तरी त्यांच्या पृष्ठभागाचे एकूण क्षेत्रफळ घटत नाही, या स्टीव्हन हॉकिंग यांच्या १९७१ च्या सिद्धान्तासही बळकटी दिली.

आता या मालिकेतील एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली आणि मे २०२३ मध्ये पायाभरणी झाली. २०३० च्या सुमारास ती कार्यान्वित करण्याची योजना आहे.

अमेरिकेत दोन वेधशाळा असताना भारतात आणखी एक कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. डोळे मिटून बसलेल्या माणसाला आवाज कोणीकडून आला हे कळते ते त्याला दोन कान असल्यामुळे. वेधशाळांचेही तसेच आहे. लहर प्रत्येक ठिकाणी किती वेळाच्या फरकाने पोहोचली यावरून तिची दिशा ठरते. वेधशाळा जितक्या दूर-दूर आणि जितक्या अधिक, तितकी दिशा अचूक. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली तेव्हा इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळेच्या साहाय्याने आकाशातील जागा निश्चित झाली. काही तासांतच जगभरच्या दुर्बिणींना तेथे प्रकाश दिसला आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत निर्माण होतात याचा पुरावा मिळाला. त्या टकरीनंतरच्या रेडिओ लहरी खोडदच्या दुर्बिणीनेही टिपल्या. औंढ्याची वेधशाळा सुरू झाल्यावर दिशा ठरविण्याचे हे काम अधिक अचूक होईल.

अशा यंत्राला सर्वांत मोठा अडथळा जमिनीच्या कंपांचा. रस्त्यावरील वाहतूक, कारखान्यांची यंत्रे, दूरच्या समुद्राच्या लाटा या सर्वांचे कंप आरशांपर्यंत पोहोचू पाहतात. ते रोखण्यासाठी आरसे एकाखाली एक लोंबकळणाऱ्या लंबकांवर टांगलेले असतात. भूकंपाचे धक्के तर दूरवरूनही यंत्राच्या कामात व्यत्यय आणतात. हिंगोली जिल्ह्याला भूकंप अपरिचित नाहीत. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत तेथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हा औंढ्याच्या वेधशाळेला तेथील जमिनीचा स्वभावही जाणून घ्यावा लागणार. औंढ्याला जे कंप टाळावयाचे आहेत, तेच कोयनेच्या संशोधकांना हवे असतात.

पृथ्वीच्या पोटात तीन किलोमीटर

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात परिसराला लहानलहान धक्के जाणवू लागले. १९६७ चा भूकंप हा जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांपैकी जगातील सर्वांत मोठा मानला जातो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाणी भूकंप निर्माण करीत नाही. खडकांतील भ्रंशांवर, म्हणजे जुन्या भेगांवर, भूगर्भीय हालचालींचा ताण आधीच साचलेला असतो. जलाशयाचे वजन आणि भेगांतून खोलवर झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे तटलेले खडक सुटून घसरतात. ओझ्याने वाकलेल्या फांदीवर पक्षी बसावा आणि ती मोडावी, तसा हा प्रकार. ओझे पक्ष्याचे नव्हते, निमित्त मात्र त्याचे झाले.

कोयनेचे वैशिष्ट्य असे की, हे धक्के पन्नासहून अधिक वर्षे थांबलेले नाहीत. १९८५ मध्ये दक्षिणेस वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि पुढे धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूस विस्तारले. हे सर्व भूकंप साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब अशा मर्यादित क्षेत्रात आणि बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात. दरवर्षी पावसाळ्यात जलाशय भरतो, नंतर रिता होत जातो आणि पाण्याच्या या चढउताराशी धक्क्यांचा संबंध जोडून पाहता येतो. असे मर्यादित, नियमित व जवळ जाऊन पाहता येणारे भूकंपक्षेत्र जगात दुर्मिळ आहे. डॉ. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अनेक दशके या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

भूकंप जमिनीखाली होतो आणि त्याचा अभ्यास मात्र वर बसून करावा लागतो, ही या शास्त्राची मोठी अडचण होय. यावर उपाय म्हणून केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कोयनेत वैज्ञानिक खोदकाम हाती घेतले. कराड येथे त्यासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली. प्रथम सुमारे दीड किलोमीटर खोलीची छिद्रे घेऊन त्यांपैकी काहींत भूकंपमापक बसविण्यात आले. शेतकरी पाण्यासाठी बोअर घेतो तसेच हे छिद्र. फरक इतकाच की याचा हेतू पाणी काढण्याचा नसून पृथ्वीची नाडी पाहण्याचा आहे. वरच्या गोंगाटापासून दूर असल्याने तेथे अतिशय लहान धक्केही टिपता येतात. २०१७ मध्ये गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. याहूनही खोल, सुमारे ६ किलोमीटरपर्यंत, म्हणजे जेथे भूकंप प्रत्यक्ष होतात तेथवर पोहोचण्याचे उद्दिष्ट आहे.

या खोदकामातून हाती आलेली माहिती मोलाची आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, येथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा आहे. हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. याच काळात पृथ्वीवरून महाकाय डायनासोर नाहीसे झाले. त्यामुळे या थरांचे नेमके वय काढण्याचे काम जगभरातील शास्त्रज्ञ करीत आहेत. २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेली अचूक वये प्रसिद्ध झाली. हा प्रचंड लाव्हा दहा लाख वर्षांहूनही कमी अवधीत वाहिला, याबद्दल दोन्ही गटांत एकमत आहे. मेक्सिकोतील उल्कापाताच्या मानाने त्यातील किती भाग आधी व किती नंतर वाहिला, याबद्दल मात्र मतभेद आहेत. कोयनेत या पाषाणाखाली थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. त्या खडकात खोलवर भेगाळलेले पट्टे आढळले आणि पाण्याच्या दाबात थोडीशी वाढ झाली तरी त्यांतील काही भेगा घसरण्याच्या बेतात असल्याचे दिसून आले. पाणी आणि भूकंप यांच्या ज्या नात्याविषयी पूर्वी तर्क करावा लागत होता, त्याचा पुरावा आता प्रत्यक्ष खडकातून मिळू लागला आहे.

यावरून भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगता येईल काय? नाही. आज जगातील कोणतेही शास्त्र तसे सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये. पण धोका कोठे आहे आणि किती आहे हे सांगता येते व तेही बहुमोल आहे. १९६७ च्या भूकंपानंतर धरण बळकट करण्यात आले. १९७० मध्ये देशाच्या भूकंपविभागांच्या नकाशात बदल होऊन कोयनेचा परिसर अधिक धोक्याच्या विभागात घेण्यात आला आणि बांधकामाचे निकष त्याप्रमाणे ठरले. घरे कशी बांधावीत हे शास्त्र सांगू शकते. ते ऐकले गेले तर भूकंप येऊनही माणसे वाचतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे सापडली, ही आठवण अजून पुसलेली नाही.

शांततेचे मोल

या तीनही ठिकाणच्या शास्त्रज्ञांची गरज एकच आहे आणि ती म्हणजे शांतता. ही शांतता प्रयोगशाळेच्या भिंतींच्या आत निर्माण करता येत नाही. ती शेजारच्या गावांकडून मिळावी लागते. खोडदची जागा निवडण्यामागे तेथील रेडिओ गोंगाट कमी असणे आणि डोंगरांचा आडोसा असणे, ही प्रमुख कारणे होती. दूरच्या दीर्घिकेहून येणाऱ्या संकेतापुढे एखादा भ्रमणध्वनीही कर्णकर्कश ठरतो. म्हणूनच त्या परिसरात विशिष्ट उद्योग आणि प्रक्षेपणयंत्रणा यांवर बंधने आहेत. पुणे-नाशिक लोहमार्गाच्या आखणीतही दुर्बिणीच्या कामास बाधा पोहोचेल काय, हा प्रश्न पुढे आला.

येथे दोन्ही बाजू न्याय्य आहेत, हे मान्य केले पाहिजे. जुन्नर, नारायणगावच्या शेतकऱ्याला आपला माल लवकर बाजारात पोहोचविणारा लोहमार्ग हवा असतो आणि त्याच्या मुलाला गावाजवळ रोजगार हवा असतो. दुसरीकडे, एकदा गमावलेली शांतता पुन्हा मिळत नाही आणि अशी दुर्बीण दुसरीकडे उचलून नेता येत नाही. औंढ्यालाही उद्या रस्ते, खाणी आणि यंत्रे यांच्याबाबतीत असेच प्रश्न येतील. अशा वेळी बंधने कशासाठी आहेत हे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे, पर्यायी मार्ग वेळीच शोधणे आणि संशोधनकेंद्राचा लाभ स्थानिक शाळा, महाविद्यालये व तरुण तंत्रज्ञ यांना मिळवून देणे, हेच योग्य होय. ज्या गावाने शांतता दिली, त्याला त्या शांततेत काय ऐकू आले हे कळलेच पाहिजे.

या दृष्टीने खोडदने एक चांगला पायंडा पाडला आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, तेथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि दुर्बीण लोकांना जवळून पाहता येते. ग्रामीण भागातील शाळांचे विद्यार्थी स्वतः तयार केलेली उपकरणे घेऊन तेथे येतात. कराड आणि औंढा येथेही असे व्हावयास हवे. कोयना खोऱ्यातील मुलाला आपल्या पायाखालची जमीन का हादरते हे पाठ्यपुस्तकापूर्वी कराडच्या प्रयोगशाळेत कळले, तर विज्ञान त्याला परके वाटणार नाही.

या संशोधनाचा ताबडतोब उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की, १९६७ साली कोयनेच्या धक्क्यांचे कारण कोणाला नीट ठाऊक नव्हते आणि केंब्रिजच्या पट्टीवरील रेघेचा उपयोग कोणी सांगू शकले नसते. वर्षानुवर्षे नोंदी ठेवणाऱ्या माणसांच्या चिकाटीमुळे त्या दोन्हींचा अर्थ आज लागू लागला आहे. हे काम पिढ्यांचे आहे. आजच्या नोंदी उद्याच्या संशोधकाच्या हाती जातील आणि तो कदाचित खोडद, औंढा किंवा कोयनेच्या खोऱ्यातील एखाद्या शाळेच्या बाकावर आज बसलेला असेल.